धर्माच्या गाईचे दात

‘धर्माची गाय, आणि दात कां ग नाहींत?’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. दानांत आलेल्या गाईचें तोंड उघडून कोणी दात पाहूं लागला, म्हणजे शेजारीपाजारी ही म्हण त्याच्यापुढें टाकतात. फुकट मिळालें तें गोड मानून घ्यावें, देणाऱ्याचें मन पाहावें, वस्तूची चिकित्सा करूं नये, असा तिचा भावार्थ. म्हणींत विनयाचा धडा आहे, आणि तो खोटा नव्हे. तथापि ज्यानें गाय पाळली आहे त्यास तिच्यांतील उणीव तेव्हांच कळेल. दात पाहावयाचे ते गाईची किंमत करण्यासाठीं नव्हे, तर तिचें वय काय, ती आणखी किती वेतें देईल आणि तोंवर किती कडबा खाईल, हें जाणण्यासाठीं. गाय फुकट आली तरी कडबा फुकट येत नाहीं. ज्याच्या गंजींत एका बैलापुरताच चारा आहे, त्याच्या दावणीला भाकड गाय बांधणारा दाता पुण्यवान असेल. पण पुढच्या उन्हाळ्यांत जो बैल उपाशी राहतो तो त्या दात्याचा नसतो.

हाच प्रश्न राष्ट्राराष्ट्रांमध्यें फार मोठ्या प्रमाणावर उत्पन्न झाला आहे. १९४९ च्या जानेवारी महिन्याच्या २० व्या तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनीं आपल्या पदग्रहणाच्या भाषणांत चार मुद्दे मांडले. त्यांपैकीं चौथा असा होता कीं, आपल्या देशानें शास्त्र व उद्योग यांत मिळविलेल्या ज्ञानाचा लाभ गरीब देशांस द्यावा. पुढच्याच वर्षीं कोलंबो येथें राष्ट्रकुलांतील देशांनीं तशीच योजना आंखली, व तिचा लाभ आपल्या हिंदुस्थानासही झाला. संयुक्त राष्ट्रांनीं १९५९ पासून एक स्वतंत्र निधि चालविला. त्याचें मुख्य काम धरणें वा कारखाने बांधणें हें नव्हतें, तर ते बांधण्यापूर्वीं करावयाच्या चौकशीस पैसा व तज्ज्ञ पुरविणें हें होतें. या चौकशीस शक्याशक्यतेची पाहणी म्हणतात. योजलेलें काम होण्याजोगें आहे काय, माती, पाणी, माणसें व बाजार त्यास अनुकूल आहेत काय, खर्च किती, आणि दाता निघून गेल्यावर तें आपल्या पायांवर उभें राहील काय, एवढें तिनें सांगावयाचें असतें.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दृष्टांत वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या दृष्टांतांतील मनुष्य आपल्याच पैशानें आपल्याच जमिनीवर बांधीत होता, व हिशेबही तोच करीत होता. परराष्ट्राच्या साहाय्यांत पैसा एकाचा, जमीन दुसऱ्याची, आणि हिशेब करणारा तिसराच असतो. तेव्हां हिशेब चुकला तर तो कोणाच्या माथीं, आणि तो बरोबर करण्याचें ओझें कोणाच्या विवेकावर, हें ठरविणें सोपें नाहीं.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या पिकाचें आहे. तें पीक म्हणजे भुईमूग.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां इंग्लंडांत तेल व चरबी यांची मोठी टंचाई होती, आणि घरोघरीं शिधा मोजून मिळत असे. १९४६ सालीं युनिलिव्हरच्या छत्राखालील युनायटेड आफ्रिका कंपनीचे एक प्रमुख, फ्रँक सॅम्युअल, यांनीं सरकारपुढें एक कल्पना मांडली. पूर्व आफ्रिकेंतील टांगानिका प्रांतांत (जो आज टांझानिया देशाचा मुख्य भाग आहे) झुडुपांनीं भरलेली अफाट जमीन रिकामी दिसते. यंत्रांनीं ती साफ करून तींत भुईमूग पेरावा. इंग्लंडास तेल मिळेल, आणि आफ्रिकेच्या लोकांस रस्ते, रेल्वे, दवाखाने व शेतीची नवी विद्या मिळेल. अन्नमंत्री जॉन स्ट्रेची यांस ही कल्पना फार आवडली. ती शुद्ध दानाची नव्हती हें उघड आहे. पण जगांतील किती साहाय्य शुद्ध दानाचें असतें? देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दोघांचाही लाभ व्हावा असें म्हणणें पाप नाहीं.

सरकारनें पाहणीसाठीं तिघांचें मंडळ धाडलें. त्याचे मुख्य वेकफील्ड हे पूर्वीं टांगानिकांतच शेतकी खात्याचे प्रमुख होते. म्हणजे मंडळ अडाणी नव्हतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. या मंडळानें टांगानिका, केनिया व उत्तर ऱ्होडेशिया (आजचा झांबिया) या प्रदेशांत सुमारें नऊ आठवडे फिरून त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अहवाल सादर केला. प्रत्येकीं ३०,००० एकरांचीं १०७ शेतें काढावीं, म्हणजे एकंदर ३२ लक्ष एकरांवर पेरा व्हावा, आणि खर्च २ कोटी ४० लक्ष पौंड यावा, असा त्यांचा हिशेब होता. आधीं एखाद्या लहानशा तुकड्यावर दोनतीन हंगाम पेरून पाहावें आणि मग हात घालावा, हा मार्ग निकडीच्या नांवाखालीं बाजूस ठेवण्यांत आला. टंचाई आज आहे, तर प्रयोगांत वर्षें कशास दवडावीं, असा युक्तिवाद होता.

कामास आरंभ झाला तो कोंगवा या ठिकाणीं. हा मुलूख गोगो लोकांचा. ते गुरें पाळणारे, ज्वारीबाजरीवर राहणारे लोक. पाऊस न आल्यानें पडलेल्या दुष्काळांच्या आठवणी त्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. जमीन ओस कां पडली आहे, हा प्रश्न त्यांस विचारला असता तर उत्तर एका वाक्यांत मिळालें असतें. जी जमीन विमानांतून पाहतां रिकामी दिसते, ती बहुधा कांहीं कारणानेंच रिकामी असते.

आतां जो भुईमूग लावतो त्यास पुढील गोष्ट फोडून सांगावी लागणार नाहीं. भुईमुगाचें फूल वर येतें, पण शेंग खालीं धरते. फुलांपासून सुटलेल्या आऱ्या जमिनींत शिरल्या पाहिजेत, त्यासाठीं माती भुसभुशीत हवी. पुढें काढणीच्या वेळीं जमीन वाळून टणक झाली, तर वेल हातांत येतो आणि शेंगा आंत तुटून राहतात. म्हणून आपला शेतकरी हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन या पिकास निवडतो, आणि काढणीपूर्वीं जमिनीस ओल आहे कीं नाहीं हें पाहतो. कोंगव्याची लाल चिकण माती पावसानंतरच्या उन्हांत विटेसारखी भाजून निघे. शेंगा तींत अडकून पडत. वाळूमिश्रित अशा त्या मातीनें नांगराचे फाळ कानसेनें घासावे तसे घासून टाकले. गोरखचिंचेचीं अजस्र झाडें व काटेरी झुडुपांच्या जमिनींत पसरलेल्या मुळ्या यांपुढें युद्धांतून उरलेले जुने ट्रॅक्टर टिकेनात. १९४७ च्या पावसाळ्यानंतर त्यांतील बहुतेक दुरुस्तीच्या वाटेवर उभे होते. लढाईचे शेरमन रणगाडे सुद्धां ट्रॅक्टरांत रूपांतर करून आणण्यांत आले. तलवारींचे फाळ करण्याचें स्वप्न संदेष्ट्यांनीं पाहिलें आहे. परंतु रणगाड्याचा नांगर करतांना जमीन कोणती आहे हें आधीं पाहावें लागतें.

पहिल्या वर्षीं दीड लक्ष एकर साफ करावयाचे होते. झाले सुमारें साडेसात हजार. पुढें भुईमुगाऐवजीं सूर्यफूल लावून पाहिलें, तें अवर्षणानें गेलें. १९४८ पासून या कामासाठीं नेमलेलें सरकारी महामंडळ दरवर्षीं आंकडे खालीं आणीत राहिलें, आणि १९५१ च्या जानेवारींत ब्रिटिश सरकारनें योजना सोडून दिल्याचें जाहीर केलें. ३ कोटी ६० लक्ष पौंडांची रक्कम बुडीत खातीं लिहिण्यांत आली.

या सर्व प्रकरणांत लबाडी कोणीं केली? शोधून पाहतां कोणी सांपडत नाहीं. कंपनीचे लोक उत्साही होते, मंत्री प्रामाणिक होते, वेकफील्ड यांस तो देश ठाऊक होता. पौंडांचा तोटा इंग्लंडच्या करदात्यानें सोसला, त्याबद्दल त्यांच्या पार्लमेंटांत उघडपणें चर्चा झाली, हेंही त्यांच्या पदरीं जमा धरावें. मग पाप कोठें आहे? माझ्या मतें तें मंडळास विचारलेल्या प्रश्नांत आहे. हें काम कसें करावें, असें त्यांस विचारण्यांत आलें. करावें कीं करूं नये, असें विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. ‘कसें’ असा प्रश्न घेऊन गेलेला मनुष्य ‘नको’ हें उत्तर घेऊन परत येत नाहीं. त्याची विद्या, त्याचा प्रामाणिकपणा, त्याचे नऊ आठवड्यांचे कष्ट हीं सर्व त्या एका शब्दाच्या सेवेस लागतात. ज्या पाहणीस नकार देण्याची मोकळीक नाहीं, ती पाहणी नव्हे. ती आधींच ठरलेल्या लग्नाची पत्रिका पाहणें आहे, आणि तशी पत्रिका नेहमीं जुळते.

आपल्या गांवांत याहून लहान प्रमाणावर हें रोज घडतें. विहिरीसाठीं पाणी दाखविणारा पाणाड्या बोलवावा, आणि मग कळावें कीं बोअरचें यंत्रही त्याच्याच मेव्हण्याचें आहे. तो पाणी नाहीं असें कधीं सांगेल काय? तो खोटें बोलतो असेंही नव्हे. पाणी असल्याचें चिन्ह त्याच्या डोळ्यांस अधिक लवकर दिसतें, एवढेंच. अमेरिकेनें १९८१ पासून याच कामासाठीं एक खातें चालविलें, व १९९२ पासून त्यास व्यापार व विकास संस्था असें नांव दिलें. गरीब देशांतील वीज, विमानतळ, दळणवळण यांच्या योजनांच्या पाहणीस हें खातें पैसा देत आलें आहे. आणि दिलेल्या एकेका डॉलरामागें अमेरिकेचा किती डॉलरांचा माल परदेशीं खपला, याचा हिशेबही तें अभिमानानें मांडीत आलें आहे. यांत गुप्त कांहीं नाहीं, आणि उघडेपणाबद्दल त्याची स्तुतीच केली पाहिजे. परंतु घेणाऱ्यानें समजून असावें कीं येथें पाणाड्या कोण आणि यंत्र कोणाचें. श्रीमंत देशांच्या मंडळानें २००१ सालीं असा ठराव केला कीं, अति गरीब देशांस दिलेल्या साहाय्याबरोबर आमच्याच देशाचा माल घ्या अशी अट घालूं नये. पण त्या ठरावांतून स्वतंत्र तांत्रिक साहाय्य मात्र वगळलें. म्हणजे यंत्र कोठूनही घ्या, परंतु सल्ला देणारा आमचा असावा, अशी मोकळीक दात्यांनीं आपणांस ठेवून घेतली. सल्ला ही वस्तु यंत्राहून स्वस्त दिसते. पण यंत्र कोणतें घ्यावें हें सल्लाच ठरवितो.

पाहणी प्रामाणिक झाली, नकारही दिला गेला, तरी गोष्ट तेथें संपत नाहीं. मलेशियांतील पेर्गाव नदीवरील विजेच्या धरणाचें उदाहरण घ्या. त्यासाठीं इंग्लंडनें २३ कोटी ४० लक्ष पौंड देऊं केले. तेथील साहाय्य खात्याच्या अर्थशास्त्र्यांनीं हिशेब करून सांगितलें कीं, वीज मिळविण्याचा हा महागडा मार्ग आहे आणि मलेशियाच्या लोकांस याहून स्वस्त वीज दुसऱ्या रीतीनें मिळेल. खात्याचे मुख्य अधिकारी टिम लँकेस्टर यांनीं लेखी आज्ञा मिळाल्याशिवाय पैसा देण्याचें नाकारलें. पण १९८८ सालीं शस्त्रविक्रीच्या बोलण्यांत या साहाय्याचा शब्द गुंतून गेला होता, व पंतप्रधानांनीं वचनही दिलें होतें. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनीं १९९१ सालीं पैसा देण्याची आज्ञा केली. १९९४ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या उच्च न्यायालयानें तें देणें बेकायदा ठरविलें, कारण कायद्याप्रमाणें साहाय्य हें विकासाच्या उपयोगी पडणारें असावें लागतें. या गोष्टींतील जो मनुष्य मला वारंवार आठवतो तो न्यायाधीश नव्हे, तर ज्यानें वरिष्ठांस ‘हें लेखी द्या’ असें म्हटलें तो अधिकारी. त्यानें धरण थांबविलें नाहीं; धरण झालें. पण त्याच्या त्या कागदामुळें सत्य पुरलें गेलें नाहीं.

आपल्या घराजवळचेंही एक उदाहरण आहे, व तें अधिक दुःखाचें आहे. नर्मदेवरील सरदार सरोवरास जागतिक बँकेनें १९८५ सालीं ४५ कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. त्या धरणाच्या पाण्यांत महाराष्ट्रांतील ३३ गांवें येणार होतीं. त्या वेळच्या धुळें जिल्ह्यांतील, आजच्या नंदुरबारांतील, सातपुड्याच्या कुशींतलीं भिल्ल-पावरा लोकांचीं गांवें. हीं माणसें कोठें जातील, त्यांस जमीन कोठें मिळेल, नदीच्या खालच्या अंगास काय होईल, याची नीट पाहणी कर्ज देण्यापूर्वीं झाली नव्हती. लोकांनीं आरडाओरड केल्यावर बँकेनें १९९१ सालीं एक निःपक्षपाती समिति नेमली. तिचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स यांनीं पूर्वीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्याची धुरा वाहिली होती, म्हणजे साहाय्याचें शास्त्र त्यांस आंतूनच ठाऊक होतें. १९९२ च्या जूनमध्यें समितीनें सांगितलें कीं, पुनर्वसन व पर्यावरण या दोहोंचा विचार आरंभीं व्हावयास पाहिजे होता तसा झालाच नाहीं, आणि बँकेनें मागें सरून पुनः विचार करावा. १९९३ च्या मार्चांत भारत सरकारनें उरलेलें कर्ज नको म्हणून कळविलें. धरण देशाच्या पैशानें पुढें चाललें, २०१७ सालीं तें पूर्ण झाल्याचें जाहीर झालें, आणि कच्छ व सौराष्ट्रांतील तहानलेल्या गांवांस त्याचें पाणी मिळालें, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु मणिबेलीच्या मनुष्यास हें समाधान किती पुरेल? त्याच्या घराचा हिशेब त्याचें घर पाण्याच्या वाटेवर आल्यानंतर मांडण्यांत आला.

येथें एक आक्षेप घेण्यांत येईल व तो वजनदार आहे. पाहणीमागून पाहणी करीत बसलें तर काम केव्हां होणार? अहवाल लिहिणाऱ्यांचें पोट भरतें, आणि ज्याच्या नांवानें अहवाल लिहिला तो तहानलेलाच राहतो. हा आक्षेप खरा आहे. कित्येक कचेऱ्यांचीं कपाटें अशा जाड अहवालांनीं भरलीं आहेत कीं ज्यांचीं पानें कोणीं कापलींही नाहींत. आणि दुष्काळांत पडलेल्या मनुष्यास भाकर देतांना शक्याशक्यता पाहूं नये, हें सांगावयास नको. भाकर एकदां खाल्ली कीं संपते. ती उद्यांच्या कडब्यावर हात टाकीत नाहीं. पाहणीची गरज आहे ती जें मागें राहणार आहे त्यासाठीं. आणि पाहणी म्हणजे जाडा अहवाल असें तरी कोणीं ठरविलें? पाहणीचा सर्वांत जुना प्रकार शेतकरी जाणतो: नवें बियाणें आलें तर तो सगळें शेत त्यास देत नाहीं, बांधाकडेच्या दोन सऱ्यांत लावून पाहतो.

असें बांधाकडेच्या सऱ्यांत लावून पाहिलेलें एक काम आपल्याच मुलखांत झालें, आणि त्याचा उपयोग आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं आजही होतो. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें कठीण खडक फोडणारीं यंत्रें हिंदुस्थानांत आणलीं व खेडोपाडीं बोअर पाडले. त्यांवर जे बिडाचे हातपंप बसविले ते परदेशांतील एका कुटुंबाच्या वाडीवर चालणाऱ्या पंपांच्या नमुन्याचे. तेथें दिवसांतून चारदां हालणारा दांडा येथें पहाटेपासून रात्रीपर्यंत सबंध गांवाच्या बायका हालवूं लागल्या. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास पाहणी करतां दिसून आलें कीं, चारांपैकीं सुमारें तीन पंप बंद आहेत. आतां येथें दोन मार्ग होते. कागदावर इतके हजार पंप बसविले असें लिहून समाधान मानावें, किंवा दात पाहावे. बालनिधीनें दुसरा मार्ग धरला, आणि तो पत्करण्यास धैर्य लागतें, कारण दात आपल्याच गाईचे होते.

त्यांस आढळलें कीं महाराष्ट्रांत जालना व सोलापूर येथें मिशनच्या विहीरकामांतील लोकांनीं मोडके पंप दुरुस्त करतां करतां आपलाच एक पोलादी पंप बनविला आहे, व तो टिकतो. सोलापूरचा हा पंप नव्या पंपाचा पाया झाला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्यानें व सरकारी यंत्रज्ञांनीं मिळून नमुने केले, कोइमतूर भागांतील खेड्यांत ते खऱ्या विहिरींवर, खऱ्या बायकांच्या हातीं दिले, आणि जें मोडलें तें बदललें. त्यांतून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप निघाला. १९७७-७८ च्या सुमारास तो कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडूं लागला आणि पुढें लाखोंनीं बसला, आफ्रिकेंतही गेला. तो दुरुस्त करावयास तालुक्याहून गाडी व माणसें यावीं लागतात अशी तक्रार आली, तेव्हां १९८० नंतर पुनः कोइमतुराकडेच प्रयोग होऊन ‘मार्क तीन’ झाला. त्याचा दट्ट्या सगळे नळ न उपसतां वर काढतां येतो, म्हणजे गांवच्याच मनुष्यास तें काम जमावें. याही कामांत एक प्रश्न विचारावयाचा राहिला, तो म्हणजे खडकांतलें पाणी किती दिवस पुरेल, विशेषतः शेजारच्या उंसास विजेचा पंप लागल्यावर. त्याचें फळ मराठवाडा आज भोगतो आहे. निर्दोष साहाय्य मीं अद्याप पाहिलें नाहीं.

आतां घेणाऱ्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण दोष नेहमीं देणाऱ्याचाच असतो असें नाहीं. दान नाकारणें किंवा त्यास अट घालणें हें आपणांस उद्धटपणाचें वाटतें. सरकारी अधिकाऱ्यास वाटतें, आलेला पैसा परत गेला तर मला जाब विचारतील. गांवच्या पुढाऱ्यास वाटतें, इमारत तर उभी राहूं दे, शिक्षक मागाहून पाहूं. आपल्या मंडळ्यांसही हा स्वभाव अनोळखी नाहीं. परदेशच्या मित्रांच्या पैशानें बांधलेल्या शाळांत आपले आजेपणजे अक्षर शिकले, त्यांच्या दवाखान्यांत जगले; त्या उपकाराची आठवण ठेवणें हें आपलें भूषणच आहे. परंतु उपकाराच्या भारानें ज्याची जीभ उचलत नाहीं, तो दात्याचेंही नुकसान करतो. छप्पर गळेल तेव्हां कौलें कोण घालणार, हें आरंभींच मोकळेपणानें विचारणारी मंडळी दात्यास एका पश्चात्तापापासून वांचविते. माझ्या मतें कृतज्ञता मौनांत नाहीं. ज्यानें आपणांवर विश्वास टाकला त्यास खरें सांगण्यांत आहे. ‘आमच्याकडे या जमिनींत भुईमूग येत नाहीं’ असें गोगो मनुष्यानें सांगितलें असतें, आणि कोणी तें लिहून घेणारा असता, तर तें इंग्लंडवर त्यानें केलेलें लक्षावधि पौंडांचें दान झालें असतें.

म्हणून साहाय्याचें मोल कसें करावें, असें मला कोणीं विचारलें तर मी आधीं रक्कम विचारणार नाहीं. श्रीमंत देशांच्या मंडळानें १९९१ सालीं साहाय्याच्या परीक्षणास पांच कसोट्या ठरविल्या, व २०१९ सालीं सहावी जोडली. गरजेस धरून होतें काय, कार्य साधलें काय, खर्चाच्या मानानें फळ आलें काय, पुढें टिकलें काय, इत्यादि. त्या चांगल्या आहेत. परंतु मी त्यांच्याही आधीं विचारीन कीं, पाहणी करणाऱ्यास ‘नको’ म्हणतां येत होतें काय, आणि तसें म्हटल्यावर त्याची नोकरी राहिली असती काय? आणि ज्याच्या दावणीला गाय बांधावयाची होती, तो त्या नऊ आठवड्यांत कोठें बसला होता, खुर्चीवर, कीं दाराबाहेर?

कोंगव्याचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करतों. त्या योजनेसाठीं दक्षिणेस बांधलेली रेल्वे १९६० नंतर थोड्याच वर्षांत बंद करून टाकण्यांत आली. म्त्वारा येथील बंदर मात्र राहिलें, व तें आजही उपयोगांत आहे. ज्या जमिनीवर रणगाडे फिरले, आणि जीत लक्षावधि पौंड पेरले गेले, तिचा बराच भाग शेवटीं कुरण म्हणून राखून तेथें गुरांची पैदास करण्यांत आली. गोगो लोक पूर्वींपासून त्या मुलखांत गुरेंच चारीत होते.